दीडपटीची दीडपट

आमच्या खात्याच्या दारावर ‘मेकॅनिकल आणि एअरोस्पेस’ अशी एकच पाटी आहे, पण आत संसार दोन आहेत. मेकॅनिकलवाल्यांचं म्हणणं, वस्तू मोडता कामा नये. एअरोस्पेसवाल्यांचं म्हणणं, वस्तू जड होता कामा नये. दोघांचंही बरोबर आहे आणि म्हणूनच भांडण मिटत नाही. विचिटाच्या या विद्यापीठात मी दोघांनाही शिकवते. मला पगार शिकवण्याचा मिळत नसून मध्यस्थीचा मिळतो, असं माझं फार वर्षांचं मत आहे.

शेवटच्या वर्षाची पोरं मिळून एक विमान बनवतात. खेळण्यातलं नव्हे, त्याचा पंख माणसाच्या उंचीहून लांब असतो, ते रिमोटवर उडतं, पोटात वजन घेऊन फेऱ्या मारतं, आणि एप्रिलमध्ये त्याला स्पर्धेला न्यायचं असतं. तिथे धावपट्टी आखूड देतात. तेवढ्यात विमान उठलं नाही तर पोरांनी सामान आवरायचं आणि घरी जायचं. म्हणून आमच्या वर्कशॉपच्या दाराशी वजनकाटा आहे. प्रत्येक भाग त्याच्यावरून आत येतो, आणि ज्याचा भाग ठरल्यापेक्षा जड भरेल त्याने सगळ्यांना दालचिनीचे गोड सिनॅमन रोल आणायचे. ते आम्ही चिलीत, म्हणजे राजमा घातलेल्या तिखट खिम्यात, बुडवून खातो. बाहेरून आलेली पोरं आधी नाक मुरडतात आणि महिन्याभरात तीन-तीन हाणतात.

गेल्या वर्षी एल्सी फ्रीसेन तिसऱ्या वर्षाला होती, तरी पंखाचं काम तिच्याकडे दिलं होतं, कारण गणितात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्पर्धेत विमान झोकात उठलं, सरळ गेलं, पहिल्या वळणावर कलंडलं, आणि पंख मधोमध मोडला. बाकीचं विमान गव्हाच्या शेतात गेलं. एल्सीने सरळ उडतानाचा भार धरला होता. वळताना विमान स्वतःच्या वजनाच्या चार-साडेचार पट जड होतं, ते ती विसरली होती. हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. पण सगळ्यांदेखत विसरलं की माणूस ते जन्मभर विसरत नाही.

सप्टेंबरमध्ये ती माझ्या खोलीत आली. बसली नाही.

“डॉ. पी., यंदाचा पंखही माझ्याकडेच द्या,” ती म्हणाली. माझं आडनाव पँक्रॅट्झ. ते पुरतं उच्चारण्याचे कष्ट या पोरांनी कधीच घेतले नाहीत.

“दिला. पुढे?”

“चालला तर चालला. नाही चालला तर मी एअरोस्पेस सोडते. नुसती मेकॅनिकलची पदवी घेते आणि सॅलाइनाला काकांकडे जाते. त्यांचा एसी बसवायचा धंदा आहे. तिथे निदान आकाशातून काही पडत नाही.”

“छतावरचा एसी पडतो की कधीकधी.”

ती हसली नाही. एसी बसवण्यात मला काडीचा कमीपणा वाटत नाही. जुलैत माझा बंद पडतो तेव्हा तो दुरुस्त करणाऱ्याचे मी पाय धरायला तयार असते. पण ही मुलगी मी पहिल्या वर्षापासून पाहत होते. आमच्या गावात विमानांचेच कारखाने, डोक्यावरून दिवसभर विमानं जातात, कोणी मान वर करत नाही. ही मात्र बोलता बोलता थांबायची, आवाजावरून इंजिन कोणतं ते पुटपुटायची, आणि मग वाक्य पुरं करायची. अशा मुलीने भीतीपोटी त्या आवाजाकडे पाठ फिरवावी, याचं मला मनापासून वाईट वाटलं. तसं मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, “थँक यू, डॉ. पी.,” आणि गेली.

हे तिने मला एकटीला सांगितलं आणि आठवड्यात सगळ्या वर्कशॉपला कळलं. मी बोलले नव्हते. दार उघडं होतं आणि बाहेर बेतो अ‍ॅरेडोंडो व्हेंडिंग मशीनला लाथा घालत होता.

त्या चमूत एल्सीखेरीज तिघं होती. बेतो गोंदाचा माणूस. भाग जोडायचं काम त्याचं, आणि इपॉक्सी त्याच्या हातांना, केसांना, एकदा तर बुटासकट फरशीलाही लागलेलं मी पाहिलं आहे. थाओ लाम कार्बन फायबरचे थर घालायची. तिची आई इथल्याच कारखान्यात विमानाचे पत्रे जोडते आणि दर शुक्रवारी आमच्यासाठी डबाभर स्प्रिंग रोल पाठवते. तिसरा डेस्मंड पॉइंटर, पक्का मेकॅनिकलवाला, आणि विमान उडवायचा तोच. पंखाच्या पोटातून जो आडवा दांडा जातो, ज्यावर सगळा भार असतो, तो स्पार बनवायचं कामही त्याच्याकडे होतं. एल्सीला तो कॅप्टन म्हणायचा. सुरुवातीला थट्टेने म्हणायचा, पुढे पुढे थट्टा गेली आणि हाक राहिली.

फेब्रुवारीत पंख करायचा आठवडा आला, आणि नेमका तेव्हाच एल्सीला फ्लू झाला. ती अंथरुणातून फोन करत राहिली.

“ड्रॉइंगप्रमाणे करा. ड्रॉइंगप्रमाणेच.”

“अगं हो, ड्रॉइंगप्रमाणेच चाललंय,” बेतो म्हणायचा, आणि फोन ठेवून आणखी एक डबा उघडायचा. हे मला नंतर कळलं.

एल्सी परत आली तेव्हा पंख टेबलावर तयार होता. दिसायला देखणा, काळाभोर, चकचकीत. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि तिचा चेहरा उतरला. काट्यावर ठेवायच्या आधीच तिच्या हातांना कळलं होतं. तरी तिने ठेवला. तीन पौंडांचा पंख पाच पौंडांच्या वर गेला होता.

“हा माझा पंख नाही,” ती म्हणाली.

“तुझाच आहे की,” बेतो म्हणाला. “रंग बघ.”

“बेतो.”

“गोंद थोडा जास्त पडला असेल.”

“थोडा म्हणजे किती?”

“थोडा म्हणजे... दोन डबे संपले.”

थाओने घसा खाकरला. “मी कार्बनचा एक थर जास्त घातलाय.”

“एकच?”

“वरून एक. खालून एक. मग मधे अगदीच पातळ दिसत होतं, म्हणून तिथे एक.”

सगळे डेस्मंडकडे बघायला लागले. तो सहा फुटी गडी जमिनीकडे बघत उभा होता. “स्पार दीडपट जाड केला,” तो म्हणाला. “पण शप्पथ सांगतो कॅप्टन, या दोघांनी काही केलंय हे मला माहीत नव्हतं.”

“आम्हाला तरी तुझं कुठे माहीत होतं!” थाओ उसळली.

मला हसू फुटलं, काय करणार. फॅक्टर ऑफ सेफ्टी हा आमच्या धंद्याचा कानमंत्र आहे. जेवढा भार येणार त्याच्या दीडपट सोसेल एवढं मजबूत करा. पण तो एकदाच लावायचा असतो, एकाच माणसाने, आणि सगळ्यांना सांगून. प्रत्येकाने आपापला गुपचूप लावला की दीडची दीडपट सव्वादोन, त्याची पुन्हा दीडपट सव्वातीनच्या वर, आणि वर बेतोचे दोन डबे. असं विमान सुरक्षित असतंच, कारण ते जमीन सोडत नाही. ही चूक आळशी माणसाच्या हातून होत नाही, बेफिकीर माणसाच्या हातूनही नाही. जीव लावणाऱ्या इंजिनियरच्याच हातून होते.

एल्सी मात्र हसली नाही.

“म्हणजे तुम्हाला तिघांनाही वाटलं की मोडणारच,” ती म्हणाली.

“तसं नाही गं,” थाओ म्हणाली.

“मग कसं?”

 शेवटी डेस्मंड म्हणाला, “तू इथून जायला नको आहेस आम्हाला. सॅलाइनाला आम्ही काय करायचं तुझ्याशिवाय... म्हणजे इथे. इथे आम्ही काय करायचं.” त्याचे कान लाल झाले. “एवढंच होतं.”

“मग माझं गणित तपासायचंत! चूक दाखवायचीत! हे काय, आजीला जिना चढवल्यासारखं दोन्हीकडून धरून चालवताय मला? विमान उठलंच नसतं आखूड पट्टीवरून, आणि मी म्हटलं असतं, झालं, पुन्हा माझंच चुकलं!”

तिचा आवाज फाटला होता. बेतोच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला त्याने इपॉक्सीचा हात वर नेला, तो मी वेळीच धरला.

“भांडण मग करा,” मी म्हटलं. “आधी हिशोब. कुठे किती चढलं ते बघू.”

ड्रॉइंगमध्ये विचारल्याशिवाय नाक खुपसायचं नाही असा माझा नियम आहे, नाहीतर पोरं माझ्याच डोक्याने विचार करायला लागतात. त्या दिवशी तो मोडला. फळ्यावर डेस्मंडचा स्पार वजा केला, थाओचे थर वजा केले, बेतोचा गोंद अंदाजाने वजा केला, तो अंदाजही त्याला लाज वाटेल असा होता. राहिला एल्सीच्या ड्रॉइंगमधला पंख. मग मी स्पर्धेच्या नियमातून वळणाचा भार घेतला, त्याची दीडपट केली, आणि तेवढ्याला किती वजनाचा पंख पुरतो ते उलट्या बाजूने मांडलं. दोन्ही आकडे जुळायला हवे होते. ड्रॉइंगमधला पंख अर्धा पौंड जड निघाला.

“हा अर्धा पौंड कोणाचा?” मी विचारलं.

“माझा नाही हो,” बेतो म्हणाला. “आईशप्पथ, माझं सगळं सांगून झालं.”

एल्सी फळ्याजवळ गेली. बोटाने ओळी वाचत खाली आली आणि एका ओळीवर थांबली.

“माझा,” ती म्हणाली. “भार काढताना दीडपट घेतली. मग कार्बनची ताकद धरताना पुन्हा घेतली.”

“चुकून?” बेतोने मोठ्या आशेने विचारलं.

“नाही. घाबरून.”

ती स्टुलावर बसली. इतका वेळ रागाने ताठ झालेली मुलगी, एकदम तापातून उठलेल्या माणसासारखी दिसायला लागली, आणि तशी ती होतीच. “यांच्यावर ओरडायला मला तोंड आहे का?” ती म्हणाली. “यांच्याआधी मीच ठेवला नव्हता स्वतःवर भरवसा.”

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. आमच्या खात्यात तशी पद्धत नाही. “ओरड की, काय बिघडलं?” मी म्हटलं. “थोडा वेळ त्यांच्यावर ओरड, थोडा वेळ स्वतःवर ओरड. मग जेवा आणि कामाला लागा. दोन पंख करायचेत.”

“दोन कशाला?” थाओने विचारलं.

उत्तर एल्सीने दिलं. “एक उडवायला. एक मोडायला.”

तिने पंख पुन्हा काढला. दीडपट एकदाच, फळ्यावर सगळ्यांसमोर, मोठ्या अक्षरात. डेस्मंडने गणित ओळीओळीने तपासलं आणि एका ठिकाणी अडवलंही. तिथे तोच चुकला होता, पण ते पटेपर्यंत दोघं तासभर भांडली, आणि ते भांडण ऐकताना मला फार बरं वाटलं. साचा तोच, कार्बनचं कापड तेच, गोंद तोच. बेतो गोंद काट्यावर मोजून घ्यायचा आणि ब्रश फिरवताना एल्सीकडे असा बघायचा, जणू ती त्याच्या ताटातलं काढून घेते आहे. पंख तयार झाले तेव्हा ते इतके हलके होते की उचलताना भीती वाटावी. डेस्मंडने एकाचं टोक दाबून पाहिलं. ते वाकलं. त्याला काय वाटलं ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

पंख मोडायची आमच्याकडे एक रीत आहे. हवा खालून दाबते म्हणून पंख उलटा करून टेबलाला आवळायचा, वर शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या एकेक करून ठेवत जायच्या. पण पहिली पिशवी पडायच्या आधी, ज्याने पंख काढला त्याने मार्करने त्यावर आकडा लिहायचा. किती सोसेल तो आकडा नव्हे, किती भाराला मोडेल तो. आधी मोडला तर गणित चुकलं. नंतर मोडला तरी गणित चुकलंच. लिहिलेला आकडा पुसायचा नाही. गेल्या वर्षीच्या चमूने घाईत ही चाचणी केलीच नव्हती, त्यामुळे एल्सीने असा आकडा आजवर कधी लिहिला नव्हता.

बातमी खातंभर पसरली होती. दुपारी वर्कशॉपमध्ये उभं राहायला जागा नव्हती. एका बाजूला मेकॅनिकलवाले, दुसऱ्या बाजूला एअरोस्पेसवाले, लग्नात दोन घरची माणसं बसावीत तसे. एल्सीने टोपण काढलं. नियमाला एकशे पस्तीस पौंड सोसले तर पुरत होते. तिने लिहिलं, १४०.

“एवढं जवळ?” गर्दीतून कोणीतरी म्हणालं. “जरा वर तरी लिहायचं.”

“त्याच्या वर टिकणारच नाही,” एल्सी म्हणाली. तिने टोपण घट्ट लावलं. 

पिशव्या ठेवायचा मान ज्यांनी पंख केला त्यांचा. थाओ आणि बेतो दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ठेवत गेले, पाळण्यात बाळ ठेवावं तशा अलगद, आणि डेस्मंड मोठ्याने भार सांगत गेला. साठ. सत्तर. ऐंशीला पंखाने पहिला आवाज केला. बेतो मागे सरला.

“थांबू नकोस,” एल्सी म्हणाली. “तो बोलतोय फक्त. बोलणारच.”

गेल्या वर्षी विमान ज्या भाराला गेलं असेल, तो भार डेस्मंडने सांगितला तेव्हा त्याचा आवाज खाली आला. खोलीतल्या प्रत्येकाला तो ठाऊक होता. पंख वाकला होता, पण होता. एकशे वीस. एकशे तीस. एकशे पस्तीस. नियम पुरा झाला. टाळ्या पडायला हव्या होत्या, पण कोणी टाळी वाजवेना. मला एकदम वाटलं की आता हा मोडलाच नाही तर? एकशे साठ, एकशे ऐंशीपर्यंत हसत उभा राहिला तर? सगळे तिची पाठ थोपटतील आणि तिला मात्र कळेल की भीतीने याही वेळी गणितात हात घातला. त्या क्षणी मी मनातल्या मनात त्या सुंदर पंखाला म्हटलं, मोड रे बाबा.

बेतो आणि थाओने पुढच्या पिशव्या ठेवल्या. “एकशे चाळीस,” असं डेस्मंडने म्हणायला आणि बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज व्हायला एकच गाठ पडली. पंखाचे दोन तुकडे झाले, पिशव्या धडाधड जमिनीवर आल्या.

पुढची आरडाओरड मी सांगत बसत नाही. मेकॅनिकलवाले एअरोस्पेसवाल्यांच्या गळ्यात पडत होते. मोडलेल्या वस्तूसाठी इतकी माणसं इतक्या आनंदाने ओरडलेली तुम्ही पाहिली नसतील, आणि बाहेरून कोणी आलं असतं तर त्याने आम्हाला वेड्यांत काढलं असतं. पाच-सात पौंड इकडेतिकडे झाले असते तरी मी वाहवा केली असती. हे तर नेमकं आलं. बेतो उघड उघड रडत होता. एल्सी मात्र गर्दीत नव्हती. ती खाली वाकून तुटलेल्या तोंडावरून बोट फिरवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं निवांत हसू होतं की मी तिला हाक मारली नाही.

दुसऱ्या पंखाचं विमान शनिवारी गावाबाहेरच्या मैदानावर नेलं. आमच्याकडे वारा पडला तर लोक घाबरून घराबाहेर येतात. त्या दिवशी तो नेहमीसारखा होता, म्हणजे टोपी धरावी लागत होती. विमान पोटात पुरं वजन घेऊन आखूड पट्टीवर धावलं आणि पट्टी संपायच्या कितीतरी आधी उठलं. जाड पंखाचं विमान तिथे अजून नांगरट करत राहिलं असतं.

डेस्मंडने पहिलं वळण जपून घेतलं, लांबून, मोठ्या घेराने. तरीही पंख वाकला. हलका पंख वाकतोच, खालून धनुष्यासारखा दिसत होता. थाओने चेहरा झाकून घेतला. बेतो पाठ करून उभा राहिला. खरं सांगते, मीसुद्धा बुटांकडे बघत होते. सॅलाइनाला जायचं की नाही ते काय ठरवलंस, हा प्रश्न सकाळपासून माझ्या जिभेवर होता, आणि मी तो गिळत होते.

मी मान वर केली तेव्हा एल्सी एकटीच आकाशाकडे बघत होती. डोळ्यांवर हात नाही, श्वास कोंडलेला नाही.

“डेस्मंड,” ती म्हणाली, “इतक्या मोठ्या फेऱ्यांनी स्पर्धा जिंकत नसतात. कडक वळव.”

“कॅप्टन, वाकतोय बघ तो.”

“मला माहीत आहे किती वाकणार ते. अजून बराच बाकी आहे. वळव.”

डेस्मंडची बोटं रिमोटवर थांबली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काहीही केलं नाही, मान हलवली नाही, डोळाही मिचकावला नाही. मला विचारण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं, माझं उत्तर मला मिळालं होतं.

“वळव रे,” एल्सी म्हणाली. “मी सांगते ना.”

त्याने वळवलं.